संगणकावरील मूल्यमापन आणि प्रत्याभरण : आयुर्वेद शिक्षणातील उपयोग व मर्यादा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शास्त्र आत्मसात करण्याचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. परीक्षा हा त्यांत चौथा उपाय म्हणून येत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तथापि तद्विद्यसंभाषेचे जे लाभ आचार्यांनी वर्णिले आहेत, म्हणजे पूर्वी ऐकलेल्या विषयातील संशय फिटणे, न ऐकलेले कानी पडणे, आपले ज्ञान कोठे अपुरे आहे हे तेथल्या तेथे कळणे, ते पाहता आजचे शिक्षणशास्त्र ज्याला 'प्रत्याभरण' म्हणते ती कल्पना आपल्याला अपरिचित नाही. विद्यार्थ्याच्या उत्तराकडे पाहून त्याला 'हे बरोबर, हे चुकले, आणि चुकले ते या कारणाने' असे सांगणे म्हणजे प्रत्याभरण होय. आपल्या परीक्षापद्धतीत नेमका याच गोष्टीचा दुष्काळ राहिला आणि आता परीक्षा संगणकावर जात असताना तो दुष्काळ तसाच पुढे नेण्याचा धोका आहे. म्हणून हा लेख.

खानदेशातील आयुर्वेद महाविद्यालये प्रथम पुणे विद्यापीठाला, १९९० नंतर जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला आणि १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न होत गेली. विद्यापीठे बदलली, पण आमच्या पिढीपर्यंत परीक्षेचे स्वरूप फारसे बदलले नाही. दीर्घोत्तरी प्रश्न, टीपा, मौखिक, आणि काही महिन्यांनी गुणपत्रक. रोगनिदानात ५२ गुण मिळाले तर उरलेले ४८ कोठे गेले, हे विद्यार्थ्याला आयुष्यभर कळत नसे. शालेय शिक्षणात महाराष्ट्राने २०१० पासून 'आकारिक' आणि 'संकलित' असे मूल्यमापनाचे दोन भाग केले. शिकत असताना, शिकणे सुधारावे म्हणून केले जाते ते आकारिक आणि शेवटी, पात्रता ठरविण्यासाठी केले जाते ते संकलित. वैद्यकीय शिक्षणात आपण दीर्घकाळ केवळ संकलितावर भागविले.

परिस्थिती आता पालटली आहे. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या २०२२ च्या विनियमानुसार बीएएमएसचे प्रत्येक व्यावसायिक वर्ष १८ महिन्यांचे असून त्यातील सत्रांमध्ये ठराविक अंतराने मूल्यमापने घ्यावयाची आहेत. विद्यापीठाच्या १०० गुणांच्या लेखी पत्रिकेत २० गुण बहुपर्यायी प्रश्नांना, ४० लघुत्तरी व ४० दीर्घोत्तरी प्रश्नांना आहेत. पदव्युत्तर प्रवेशासाठी २०१७ पासून अखिल भारतीय परीक्षा आली आणि २०१९ मध्ये ती राष्ट्रीय परीक्षा संस्थेकडे जाऊन संगणकावर घेतली जाऊ लागली. अलीकडच्या वर्षांत १२० मिनिटांत १२० प्रश्न, बरोबर उत्तरास ४ गुण व चुकीच्या उत्तरास वजा १, असे तिचे रूप आहे. शिवाय २०२० च्या अधिनियमात तरतूद असलेली राष्ट्रीय निर्गम परीक्षा २०२१-२२ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून लागू होईल, असे आयुष मंत्रालयाने २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणजे व्यवसायाचा परवानाच अशा परीक्षेवर अवलंबून राहणार.

याचे परिणाम महाविद्यालयात दिसण्याआधी आपल्या दवाखान्यांत व रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत दिसतात. आंतरवासितेचे वर्ष हे रुग्णाजवळ बसण्याचे वर्ष. आज आंतरवासी वैद्य येतो, सही करतो आणि कोपऱ्यात मोबाईलवर प्रश्नसंच सोडवीत बसतो. त्याला रागावून उपयोग नाही, कारण त्याचे पुढील आयुष्य त्या दोन तासांवर ठरणार आहे. त्या प्रश्नसंचातून तो काय शिकतो, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक संचांत प्रश्नाखाली 'उत्तर : ब' एवढेच असते. प्रवेश परीक्षेनंतरही उत्तरतालिका आणि स्वतःची उत्तरे पाहावयास मिळतात. चूक कोणती ते कळते, ती का झाली ते कळत नाही.

एका प्रश्नाचे उदाहरण

प्रश्न : मृदुपाकी स्नेह कशासाठी योजावा? पर्याय : नस्य, पान, अभ्यंग, बस्ती.

असा प्रश्न अनेक संचांत आढळतो आणि त्यापुढे एकच उत्तर छापलेले असते. वस्तुतः चरकाचार्यांनी कल्पस्थानात मृदुपाक नस्यासाठी, मध्यमपाक पान व बस्तीसाठी आणि खरपाक अभ्यंगासाठी सांगितला आहे. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात मृदुपाक पानासाठी, मध्यमपाक नस्य व अभ्यंगासाठी आणि खरपाक बस्ती व कर्णपूरणासाठी सांगितला आहे. म्हणजे ग्रंथाचा उल्लेख नसलेल्या वरील प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. ज्या विद्यार्थ्याने सुश्रुत नीट वाचला आहे तो 'पान' म्हणेल, त्याला वजा एक गुण मिळेल आणि आपण वाचलेले चुकीचे होते असे समजून तो पुढे जाईल. अभ्यासू विद्यार्थ्याला शिक्षा करणारा असा प्रश्न कागदावर असला काय नि संगणकावर असला काय, सारखाच घातक.

आता तोच प्रश्न 'चरकमतानुसार' असा शब्द घालून संगणकावर ठेवावा आणि प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र स्पष्टीकरण जोडावे. 'पान' निवडणाऱ्याला पडद्यावर दिसेल : हे सुश्रुताचे मत आहे, दोन्ही स्थाने पुन्हा पाहा. 'अभ्यंग' निवडणाऱ्याला दिसेल : चरकमते तो खरपाक. आपण मृदु व खर यांची अदलाबदल केली आहे. 'बस्ती' निवडणाऱ्याला : तेथे मध्यमपाक हवा. तीन विद्यार्थ्यांच्या तीन वेगळ्या चुकांना तीन वेगळी उत्तरे, तीही स्मृती ताजी असताना, हे शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात कोणा एका अध्यापकाला शक्य नाही. संगणकाला ते शक्य आहे, मात्र ती स्पष्टीकरणे आधी कोणीतरी जाणत्याने बसून लिहिलेली असली पाहिजेत. संगणक शिकवीत नाही, अध्यापकाचे बोलणे तो योग्य वेळी पोहोचवितो, इतकेच.

परीक्षा देण्यानेच स्मृती दृढ होते, यालाही आधार आहे. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. इतरांनी तो एकदाच वाचून तीन वेळा आठवून लिहिला. आठवड्यानंतर पहिल्या गटाला सुमारे ४० टक्के आठवले, दुसऱ्याला सुमारे ६१ टक्के. गंमत अशी की आपल्याला चांगले आठवेल असा विश्वास मात्र वाचणाऱ्या गटाला अधिक होता. पाठांतराची परंपरा असलेल्या आपल्या शास्त्राला हे नवल वाटू नये.

चूक आणि खात्री

प्रवेश परीक्षेच्या गुणपद्धतीचा थोडा हिशेब करावा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर चारांत एकदा ४ गुण मिळतात, तीनदा एकेक जातो. सरासरीने प्रत्येक प्रश्नामागे पाव गुण पदरात पडतो, १२० प्रश्नांत ३०. अज्ञानाने बेधडक ठोकून देण्यास ही पद्धत अटकाव करीत नाही. दवाखान्यात मात्र याच बेधडकपणाने रुग्ण बिघडतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गार्डनर-मेडविन यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी पद्धत रूढ केली. प्रत्येक उत्तरासोबत विद्यार्थ्याने आपली खात्री एक, दोन किंवा तीन अशी नोंदवावयाची. उत्तर बरोबर असेल तर तितकेच गुण. चुकले तर अनुक्रमे शून्य, वजा दोन आणि वजा सहा. हिशेब करून पाहिल्यास ध्यानात येते की ८० टक्क्यांहून अधिक खात्री असेल तरच तीन लिहिणे फायद्याचे आणि दोन-तृतीयांशाहून कमी असेल तर एकच लिहावे. म्हणजे 'मला माहीत नाही' हे प्रामाणिकपणे ओळखणाऱ्याला येथे संरक्षण आहे.

आपल्या भागातील एक रुग्णप्रश्न या पद्धतीने मांडून पाहू. सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांत आणि नंदुरबार जिल्ह्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना हे चित्र नवे नाही.

धडगाव तालुक्यातील ९ वर्षांची आदिवासी मुलगी. दोन वर्षांत चार-पाच वेळा हातापायांची हाडे व सांधे तीव्रतेने दुखून आले, सोबत मंद ज्वर. त्वचा पांडुर, नेत्र पिवळसर, प्लीहा हातास लागते. थोरल्या भावालाही असाच त्रास. प्रथम काय कराल? (अ) आमवात मानून लंघन, दीपन-पाचन व सिंहनाद गुग्गुळ. (ब) पांडु मानून मंडूर कल्प. (क) सिकलसेलसाठी रक्ततपासणी व रुग्णालयाकडे पाठवणी. (ड) संधिगत वात मानून स्वेदन.

उत्तर 'क' आहे, पण शिकण्याचा भाग इतर पर्यायांत आहे. 'अ' निवडणाऱ्याला सांगावे लागेल की या व्याधीत शरीरातील जलांश कमी झाला की रक्तपेशींचा विकार वाढतो. लंघन आणि एरंडतैलयुक्त रेचक कल्प येथे वेदनेचा नवा वेग आणू शकतात. 'ड' निवडणाऱ्याला हेच स्वेदनाविषयी. 'ब' निवडणाऱ्याला सांगावे की पांडुता खरी असली तरी ती पेशी फुटल्याने आली आहे. लोहाची उणीव सिद्ध झाल्यावाचून लोहकल्प देऊ नये. शेवटी सर्वांनाच सांगावे की विद्राव्यता चाचणीने प्राथमिक शोध होतो, निश्चिती हिमोग्लोबिनच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने होते आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाअंतर्गत अशा तपासण्या केल्या जातात.

ज्याने 'अ' लिहून खात्री तीन नोंदविली, त्याच्याकडे अध्यापकाने त्याच दिवशी लक्ष द्यावे. ज्याने 'अ' लिहून खात्री एक नोंदविली, तो प्रत्यक्षात कोणाला तरी विचारेल. साध्या गुणपत्रकात हे दोघे एकसारखे दिसतात.

प्रश्नांचीही परीक्षा

संगणकाचा आणखी एक उपयोग असा की तो विद्यार्थ्यांबरोबर प्रश्नांचीही परीक्षा घेतो. समजा ६० विद्यार्थ्यांनी पत्रिका सोडविली. एकूण गुणांनुसार वरचे २० व खालचे २० वेगळे काढावे. एखाद्या प्रश्नाचे बरोबर उत्तर वरच्यांपैकी १६ व खालच्यांपैकी ६ जणांनी दिले असेल तर फरक १०, त्याला २० ने भागून अर्धा. यास भेदक निर्देशांक म्हणतात. तो शून्याजवळ असेल तर प्रश्न हुशार व कच्च्यांत भेद करीत नाही. ऋण आला, म्हणजे हुशार विद्यार्थी चुकले आणि कच्चे बरोबर आले, तर बहुधा उत्तरतालिकाच चुकलेली असते किंवा प्रश्न संदिग्ध असतो. ग्रंथाचा उल्लेख नसलेला स्नेहपाकाचा प्रश्न या चाळणीत नेमका सापडू शकतो. हाताने हा हिशेब करण्यास आठवडा जातो, म्हणून कोणी करीत नसे. मूडलसारख्या विनामूल्य प्रणालीत तो आपोआप मिळतो.

येथे एक इशारा. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून प्रश्न तयार करून घेण्याची टूम निघाली आहे. ती यंत्रे नसलेले अध्याय आणि नसलेले श्लोकसंदर्भ मोठ्या आत्मविश्वासाने देतात. वरच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक चुकीवर खात्री तीन. संहिता उघडून पडताळल्यावाचून असा एकही प्रश्न घेऊ नये.

जेथे संगणक थांबतो

अमेरिकन वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्याच्या पात्रतेच्या चार पायऱ्या मांडल्या : जाणतो, कसे करावे ते जाणतो, करून दाखवितो, आणि प्रत्यक्ष व्यवहारात करतो. संगणकावरील प्रश्न पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत पोहोचतात. सुश्रुताचार्यांनी केवळ शास्त्र जाणणाऱ्याला व केवळ कर्म जाणणाऱ्याला एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे आणि योग्यासूत्रीय अध्यायात कोहळा, दुध्या भोपळा यांवर छेदन, कमळाच्या देठावर वेधन, वस्त्रावर सीवन, पाण्याने भरलेल्या घटाच्या बाजूच्या छिद्रात बस्तिनेत्राचा अभ्यास सांगितला आहे. हा अभ्यास पडद्यावर होत नाही. नाडी, स्पर्श, कोष्ठाची परीक्षा, बस्ती देताना हाताला जाणवणारा विरोध, हे सारे तेथे नाही.

तरीही या पायरीवर प्रत्याभरणाचे साधन म्हणून मोबाईल उपयोगी पडतो. आंतरवासी वैद्य प्रतिकृतीवर बस्तिकर्म करीत असताना शेजारी उभ्या ज्येष्ठाने मोबाईलमधील पडताळासूचीत खुणा कराव्या : द्रव्याची उष्णता तपासली का, नेत्राला स्नेह लावला का, पुटकातील वायू काढला का, शेवटी थोडे द्रव्य शिल्लक ठेवले का. कर्म संपताच ती सूची आणि शक्य असल्यास हाताचे चित्रीकरण विद्यार्थ्याला दाखवावे. आपलाच हात चुकताना पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

औषधी दुकानदार आणि निर्माते यांच्या सहभागावाचून द्रव्यगुण व भैषज्यकल्पनेचे प्रश्न निर्जीवच राहतात. अशोकाच्या सालीच्या जागी आसोपालवाची साल आणि नागकेशराच्या जागी सुरंगीच्या कळ्या बाजारात येतात, हे पुस्तकात एका ओळीत असते. दुकानात मात्र दोन्ही नमुने शेजारी ठेवून दाखविता येतात. चांगल्या उजेडात, पट्टी ठेवून, आतून-बाहेरून घेतलेली अशी छायाचित्रे प्रश्नपेढीला मिळाली तर 'यांतील अशोकत्वक् कोणती?' हा प्रश्न खरा होईल. पण तेथेही मर्यादा आहे. रस आणि गंध पडद्यावर येत नाहीत. अवलेहाच्या पाकाचे चित्रीकरण मात्र फार उपयुक्त. कढईत दर्वीला तार सुटू लागण्यापासून, पाण्यात टाकता गोळी बुडून स्थिर राहीपर्यंत आणि बोटांमध्ये दाबता मुद्रा उमटेपर्यंतची अवस्था दाखवावी आणि विद्यार्थ्याने 'येथे अग्नी बंद करावा' असे वाटेल त्या क्षणी बोट टेकवावे. दहा सेकंद आधी की मिनिटभर उशिरा, हे संगणक लगेच सांगेल. घाणी बिघडण्याचा खर्च ज्यांनी सोसला आहे त्यांना याचे मोल सांगावयास नको.

करावयाची तयारी

प्रत्येक वैद्याने वर्षाकाठी पाच रुग्णप्रश्न लिहून दिले तरी पुरेसे आहे. मात्र ते रुग्ण आपल्या मुलखातील असावेत. जळगावच्या मे महिन्यात केळीच्या बागेत काम करताना छर्दी, भ्रम व मूर्च्छेने आणलेला मजूर हा प्रश्न दिल्लीत बसून कोणी लिहिणार नाही. रुग्णाचे नाव, गाव व चेहरा वगळावा. छायाचित्र असेल तर लेखी संमती घ्यावी. चुकीचा प्रत्येक पर्याय असा असावा की कोणी शहाणा विद्यार्थी त्याला फसेल. कोणीच निवडत नाही असा पर्याय म्हणजे वाया गेलेली जागा. स्पष्टीकरणात संहितेचे स्थान व अध्याय द्यावा.

प्रश्न लिहिताना सोपी पण वारंवार दुर्लक्षिली जाणारी एक बाब म्हणजे टंक. अनेकांकडे पूर्वी टंकलिखित केलेले प्रश्न जुन्या देवनागरी फाँटमध्ये आहेत. ते दुसऱ्या संगणकावर उघडले की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. नवे लेखन युनिकोडमध्येच करावे आणि जुने रूपांतरित केल्यावर जोडाक्षरे, विशेषतः 'ज्ञ', 'क्ष', 'त्त्व' आणि रफार, एकेक करून तपासावीत. 'सत्त्व' चे 'सत्व' झाल्याने कोणी मरत नाही, परंतु 'वर्ज्य' मधला रफार गळून प्रश्नाचा अर्थ हरवू शकतो.

आणि वीज. परीक्षा चालू असताना पुरवठा खंडित झाला तर भरलेली उत्तरे जाऊ नयेत, यासाठी प्रत्येक उत्तर तत्क्षणी साठविणारी प्रणाली निवडावी. प्रयोगशाळेतील संगणक अपुरे असल्यास विद्यार्थ्यांचे मोबाईल चालतील, कारण आकारिक मूल्यमापनात गुण महत्त्वाचे नसल्याने नक्कल करण्याचे प्रलोभनही नसते. मात्र या चाचण्यांचे गुण अंतर्गत गुणांत धरण्याचा मोह संस्थाचालकांनी टाळावा. ते धरले की विद्यार्थी खात्रीचा आकडा खरा लिहिणार नाही, आणि मग 'अ, खात्री तीन' असे लिहिणारा आपल्याला सापडणार नाही.